कुंदनरावांची चौकशी

१

बसा, मंगलाबाई. मनमाडहून एवढ्या उन्हाचं आलात, आधी पाणी घ्या. पंखा मात्र राहू द्या बंद. बिघडलेला नाही हो, चांगला चालतो, पण त्या घरघरीत मला अलीकडे काही सुचत नाही. हवं तर खिडकी उघडते.

चौकशीला आलात हे बरं केलंत. हल्ली कोण येतं? मुलगा कमावता दिसला, घर स्लॅबचं दिसलं की लोक साखरपुड्याची तारीख काढून मोकळे. तुम्ही त्याच्या आधीच्या बायकोचं माहेर शोधत मखमलाबादपर्यंत आलात, म्हणजे तुमच्याही मनात पाल चुकचुकलीय. खरं की नाही? हं.

ते 'हं' तुम्हाला नव्हतं. मध्ये मध्ये येईल माझ्या तोंडून, तिकडे लक्ष देऊ नका. तुम्ही मात्र गप्प बसू नका बाई, मधून मधून हुंकार देत चला. नाहीतर मला वाटतं मी भिंतीशी बोलतेय.

तर देवळ्याचे कुंदनराव. तुमच्या उज्वलाला सांगून आलेलं स्थळ. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुवर्णाचा, नवरा होता तो माणूस. रीतसर फारकत झाली, कोणाचं कोणाकडे काही राहिलेलं नाही. दारू नाही, मारझोड नाही, बाहेरचं काही नाही. बायकोवर आवाज चढवला असं एकदाही झालेलं नाही. हे तुम्हाला देवळ्यात सगळ्यांनी सांगितलंच असेल आणि त्यातलं अक्षर खोटं नाही. हं.

२

आधी माझं सांगते, म्हणजे माझ्या बोलण्यातलं किती धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी फुलवाली. घरचं रान आहे, शेवंती, गुलछडी, झेंडू. पहाटे तोडा, उजाडायला फुलबाजार, दुपारी घरी. दुसऱ्याच्या मळ्यातली फुलंही घेते. पाटी समोर आली की मी पहिला हात तळाला घालते, कारण वरचा थर कोणीही ताजा ठेवतं. संशयी आहे म्हणतात मला. असू दे. संशयानेच माझं दुकान टिकलंय.

आणि तोंड चालतं. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं, की मान वर करायच्या आधी माझ्या तोंडून निघतं, "हं, बोला!" बाजारात सगळ्याच आम्ही तसं म्हणतो. घरी कोणी दार वाजवलं तरी "हं, बोला", फोन उचलला तरी "हं, बोला". आमचे हे, जीवन, यावरून हसतात मला. गरीब माणूस. घरात बोलायचे मी, ऐकायचे ते. त्यांचं वाक्य मी अर्ध्यात तोडते अशी त्यांची तक्रार असायची, पण ती तक्रारसुद्धा मी कधी पुरी होऊ दिली नाही.

सुवर्णा माझ्याहून वरचढ. लहानपणी पालथ्या पाटीवर उभी राहून गजरे विकायची, तर अख्खी गल्ली वळून बघायची. नकला करायची सगळ्यांच्या. माझीच नक्कल माझ्यासमोर करायची, कंबरेवर हात ठेवून. आईवडील लवकर गेले, तिला मी वाढवली आणि लग्नही मीच लावून दिलं. चौकशी केली होती हो मी. सगळ्यांनी एकच सांगितलं, माणूस फार शांत आहे. आमच्या तोंडाळ पोरीला असाच नवरा पाहिजे, असं मला वाटलं. पाटीच्या तळाला हात घालायचा तेवढा राहिला. हं.

३

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मुराळी म्हणून मी देवळ्याला गेले. बहिणीला माहेरी आणायला मुराळी म्हणून भावाने जायचं, पण आम्हाला भाऊ नाही. म्हटलं मी जाते, बघू कोण नावं ठेवतं ते. आखाजीला मुराळी दारात आला की लेकीला अडवत नाहीत, हे तुमच्याकडेही असेलच.

वैशाखातलं ऊन. एसटीतून उतरून घर शोधेपर्यंत मी घामाने निथळले होते. हॉलमध्ये पंखा जोरात चालला होता, त्याखाली बसले आणि जीव जरा थाऱ्यावर आला. तेवढ्यात कुंदनराव आले. "या ताई," म्हणाले आणि समोरच्या खुर्चीत बसले. सुवर्णा लगेच उठली आणि तिने पंखा बंद केला. मला वाटलं, विजेचं बिल वाचवतायत.

मग ते बोलायला लागले. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं. वाकले तेव्हा दिसलं, सुवर्णाही वाकलीय. बोलणं काय, तर साधंच. साठवणीच्या चाळीतला कांदा या वर्षी बरा टिकलाय. शेजारच्या विहिरीला पाणी लागलं. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. सुवर्णा म्हणायची, "हं." मगच पुढचं वाक्य. आणि दर वेळी तोंड उघडायच्या आधी मान किंचित एका बाजूला कलती करायचे. कोणी कानात काही सांगावं आणि ते नीट ऐकून घ्यावं, तशी.

मी गप्प बसणारी आहे का? मध्येच बोलले. ते थांबले. हसून माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग आपलं वाक्य पहिल्यापासून सुरू केलं. मी पुन्हा मध्ये बोलले. पुन्हा थांबले, पुन्हा पहिल्यापासून. राग नाही, कपाळाला आठी नाही. शेवटी मीच दमले, मंगलाबाई. बाजारात मला आजवर कोणी दमवलेलं नाही.

थोड्या वेळाने सुवर्णा चहा टाकायला आत गेली. ते बोलतच होते. एवढ्या जवळून मला निम्मे शब्द कळत नव्हते, आणि ते थांबले की आतून, स्टोच्या आवाजातून, बरोबर वेळेवर "हं" येत होतं. मला जरा चमत्कारिक वाटलं. मग म्हटलं, तिचे कान तरुण आहेत, सवयीचा आवाज आहे, असेल.

निघताना नवसाबाई, म्हणजे त्यांच्या आई, ओट्यापर्यंत आल्या. आत सगळा वेळ मिटलेल्या तोंडाने बसल्या होत्या, पण ओट्यावर त्यांनी माझा हात धरला. त्यांचं बोलणं अहिराणी, मला बाजारामुळे कळतं. "आते बरं शे मना जीवले," म्हणाल्या. "सुवर्णा उनी अन् मनं सुटनं." आता बरं आहे जिवाला, ती आली आणि माझं सुटलं. मला वाटलं स्वयंपाकाचं म्हणतायत. सून आली, चूल सुटली. मी आपली मान हलवली आणि एसटी गाठली. हं.

४

इथे आणली तिला. लिंबाला झोका बांधला, आंबे आणले, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणायला गोळा झाल्या. सुवर्णा झोक्यावर बसली आणि गाणं तोंडातल्या तोंडात विरून गेलं. पोरी म्हणाल्या, अगं नक्कल तरी कर कोणाची. ती हसली फक्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दारी भांडी घासत होती. मी ओसरीवर फुलं निवडत होते. कानावर आलं, "हं." थोड्या वेळाने पुन्हा, "हं."

"काय गं?" मी विचारलं.

"कुठे काय, ताई."

"कोणाशी बोलतेस?"

"कोणाशी नाही." आणि माझ्याकडे बघतच, तोंड जेमतेम उघडून, पुन्हा म्हणाली, "हं."

मी मनाची समजूत घातली. सवय आहे. दिवसभर हुंकार द्यावा लागतो तर तोंडाला लागला असेल. मीसुद्धा झोपेत "हं, बोला" म्हणते, असं हे सांगतात. पण मग नीट ऐकायला लागले, तर त्यात एक चाल होती. उगाच कधीही येत नव्हता तो हुंकार. मध्ये एका वाक्याएवढी जागा सुटायची. आणि हुंकार यायच्या आधी तिचे हात थांबायचे, नळाला पाणी चालू असलं तर नळ बंद व्हायचा. खोलीत शिरली की आधी पंखा बंद करायची. एवढ्या उकाड्यात आम्ही सगळे घामाघूम, आणि बोलायची कोणाची हिंमत होईना.

जेवताना हे म्हणाले, "साधना, ही मघापासून कोणाला…"

"जेवा मुकाट्याने," मी म्हटलं.

हो हो, तुम्ही ऐकताय, कळतंय मला. घाम पुसा तुमचा.

५

फोन तेव्हा आमच्याकडे नवाच होता. पुढच्या खोलीत कोनाड्यात ठेवलेला. एका दुपारी वाजला. मी उचलला, देवळ्याहून कुंदनराव.

"ताई, सगळे बरे ना?" तोच आवाज, इतका हळू की मी रिसीव्हर कानात खुपसून घेतला. "सुवर्णाला कधी पाठवताय?"

"राहू द्या की अजून. माहेरपण आहे."

"तसं नाही. इथे आई बहिणीकडे सटाण्याला गेलीय. घरात मी एकटाच आहे." आणि थांबले.

मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशी, सुवर्णा म्हणाली, "हं."

मी फोन हातात धरून उभी राहिले. पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत किती अंतर आहे ते तुम्ही आत्ता आलात तेव्हा बघितलंच. मध्ये दोन खोल्या आणि एक बंद दार.

"कांदा भरायला माणसं आली होती," कुंदनराव म्हणाले. थांबले.

"हं," मागून.

"निम्मी चाळ रिकामी झाली."

"हं."

योगायोग, म्हटलं. मग वाटलं, लाइनीत काही गडबड असेल, क्रॉस कनेक्शन होतंच तेव्हा. पण बाई, क्रॉस कनेक्शन फोनमध्ये होतं, धुण्याच्या दगडावर होत नाही. मी वायर ताणून जेवढं पुढे जाता येईल तेवढी गेले आणि पायाने मधलं दार ढकललं. सुवर्णा दिसली. कोपरापर्यंत साबण, समोर भिंत, आणि मान किंचित एका बाजूला कललेली. मी फोन ठेवून दिला.

तिकडे सुवर्णाचे हुंकार चालूच होते. म्हणजे त्यांचं बोलणं फोन ठेवल्यावरही चालूच होतं.

६

मी तिला आत आणलं, कॉटवर बसवलं, दार लावलं.

"खरं सांग मला. काय आहे हे?"

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "ते बोलतात ना ताई, मग हुंकार द्यावा लागतो."

"इथे बसून? देवळ्यात बोलतात ते?"

"कुठेही."

"आणि नाही दिला तर?"

"मग ते थांबून राहतात गं." एवढंच म्हणाली. थांबण्यात काय आहे ते तिला सांगता येईना. मी चिडले. आमच्या घरातल्या पोरीने नवऱ्याच्या नुसत्या थांबण्याला घाबरावं?

"नको देऊस," मी म्हटलं. "मी बसलेय ना इथे. एक वेळ नको देऊस, बघू काय करतो तुझा नवरा तिकडे बसून."

तिने पदर दातात घट्ट धरला. मी तिचा हात धरला. रस्त्यावरून कुल्फीवाला गेला, त्याची घंटा ऐकू आली आणि लांब गेली. सुवर्णाची मान कलली. तोंडातून काही आलं नाही. मी म्हणणारच होते, बघ, काही झालं का? तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तिची छाती हलत नाहीये. श्वास आत गेलेला आणि तिथेच राहिलेला. डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले. ती श्वास रोखत नव्हती, मंगलाबाई. तो परवानगीसाठी थांबला होता. ओठांचा रंग बदलायला लागला, तशी मी किंचाळले, "दे गं! दे माझे आई!"

"हं," ती म्हणाली, आणि श्वास सुटला.

मग ती रडली. मी रडले. आणि रडता रडता सुद्धा मध्येच थांबून तिने हुंकार दिला, तेव्हा मला भीतीच्या पलीकडचा संताप आला. या पोरीला मी तळहातावर वाढवली होती. हिचं रडणंसुद्धा हिचं राहिलं नव्हतं.

७

मी फोन लावला. वाजला आणि लगेच उचलला गेला.

"कुंदनराव, मी साधना बोलतेय. मुराळी म्हणून घेऊन आले होते, आता मी सुवर्णाला पाठवत नाही. पंचांना आणा, पोलिसांना आणा, कोर्टात जा. मी बघून घेईन. माझी बहीण तुमच्या घरात पाऊल टाकणार नाही."

मला वाटलं आता चिडेल, आता तरी आवाज चढवेल, आणि मग मी त्याला दाखवते. भांडण मला येतं हो. तेवढं एक मला फार छान येतं.

"बरं ताई," ते म्हणाले. "राहू द्या तिला."

मी तयारीत होते आणि समोर कोणी नव्हतंच.

"मग तुम्ही ऐका," ते म्हणाले. आणि थांबले.

त्या थांबण्यात काय होतं ते सुवर्णाला सांगता आलं नव्हतं, मलाही येत नाही. समोर कोणीतरी उभं आहे आणि आपण मान वर केलेली नाही, एवढंच वाटलं. आणि माझं हे मेलं तोंड. आयुष्यभराची सवय. डोक्यात काही यायच्या आत निघून गेलं,

"हं, बोला."

त्याच क्षणी आत स्वयंपाकघरात पातेलं पडलं आणि सुवर्णा केवढ्यांदा तरी ओरडली, "अगंबाई! सगळं दूध उतू गेलं की गं ताई!" तिचा आवाज. गल्लीत ऐकू जाईल असा, तिचा जुना आवाज. मग पंख्याचं बटण वाजलं.

मला धावत जायचं होतं तिच्याकडे. पण कुंदनराव अजून बोलले नव्हते, आणि मला हलता येईना. त्यांनी तोंड फोनपासून बाजूला केलं, तसं वाटलं मला. आणि त्या रिकाम्या घरात, अगदी खालच्या आवाजात, शाळेतल्या पोराने गुरुजींना म्हणावं तसं ते स्वतः कोणाला तरी म्हणाले, "हं."

मग ते बोलायला लागले.

८

सुवर्णा आता फुलबाजारात माझ्या जागेवर बसते. तिचा आवाज सराफ बाजारापर्यंत जातो. माझी नक्कल करते, गिऱ्हाईकं हसून बेजार होतात. मी लांबून बघते आणि मला बरं वाटतं. खरंच वाटतं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

आमच्या यांचं मात्र वाईट वाटतं. हल्ली त्यांची सगळी वाक्यं पुरी होतात. बोलून झालं की माझ्या तोंडाकडे बघत राहतात, आता ही काही खेकसेल म्हणून. एकदा म्हणाले, "साधना, तोड ना गं माझं बोलणं."

कुंदनराव काय बोलतात, असं विचारत असाल, तर साधंच. कांदा, विहीर, कोण आलं, कोण गेलं. अलीकडे एक नवीन ऐकलं त्यांच्या तोंडून. मनमाडची मुलगी आहे, उज्वला नाव, छान बोलते म्हणतात. तुम्ही येणार हे मला तुमच्या चिठ्ठीच्या आधी कळलं होतं ते असं.

म्हणून सांगते, पोरीला देऊ नका तिथे. विहिरीत ढकला पण तिथे देऊ नका. नाही ना देणार? शब्द द्या मला. बास, झालं माझं काम.

आता एक बघा आठवून. मघाशी मध्ये मध्ये माझ्या तोंडून 'हं' येत होतं. देवळ्याहून एसटी धरली, तिथवर येत होतं. त्यानंतर आलेलं नाही. माझ्यासुद्धा उशिरा लक्षात आलं. छाती कशी मोकळी वाटतेय. किती दिवसांनी.

असं बघू नका माझ्याकडे. मी मुद्दाम केलं असं म्हणायचं काम नाही. चौकशीला तुम्ही आलात, मी बोलवायला आले नव्हते. हुंकार द्या म्हटलं ते आपलं सगळेच म्हणतात. तुमची उज्वला सुटली ना? आईला आणखी काय पाहिजे असतं?

मंगलाबाई.

मी तर आत्ता बोलतच नव्हते. गप्प बसले होते केव्हाची. तुम्ही 'हं' म्हणालात ते कोणाला?

बरं, असू दे. उन्हाचं आलात, भिजून गेलात घामाने. उठते मी, पंखा लावते आता. चांगला जोरात लावते.

का हो? नको?

ऐकू येणार नाही म्हणता?